झोकात सोडलेलं गाव

गाव सोडायच्या सकाळी आबांनी बैल धुतले, शिंगांना हिंगूळ लावला, पाठीवर बेंदराची झूल चढवली. धरणाचं पाणी खालच्या खाचरांत शिरलेलं, शेजारीपाजारी रडत गाडगी-मडकी भरतायत, आणि आमच्या दारात जणू वरात! आई चिडली, लोक काय म्हणतील म्हणाली. आबांनी मान वर केली नाही. "जायचं तर झोकात जायचं," एवढंच बोलले.

आमच्याकडे झोक म्हणजे आधी बैलाचा. मान ताठ ठेवून बैल चालला, की बघणाऱ्याचं पोट भरायचं. माणसानं मुंडाशाचा शेमला जरा लांब सोडला, तर मात्र बाया पाणवठ्यावर म्हणायच्या, "घरात दाणा न्हाई, पर झोक बघा."

लोणावळ्याच्या बाजारात तेच आमच्या वाट्याला आलं. घर बुडालं तरी मावळ्यांचा झोक बघा, असं कुणीतरी म्हणालं आणि दुकानांच्या पायऱ्यांवरची माणसं हसली. मी परकरी पोर, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीतून उतरले आणि लांबून, परक्याची असल्यासारखी चालू लागले. आबांनी एकदा वळून बघितलं.

बाजाराच्या टोकाला एक शेतकरी थांबला होता. बैल त्याला आधीच विकले होते, हे मला तिथं कळलं. नव्या जागेत ना शेत, ना गोठा. जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, त्याबरोबर गोठ्याचं नशीब जातं म्हणतात; म्हणून त्यानं स्वतःची दावी आणली होती. आबांनी झूल, घुंगरमाळा आणि आमची दावीही त्याच्या हातात दिली. तो बिचारा घेईना.

"लेकीला उघड्या गळ्यानं धाडतं व्हय कुनी?" आबा म्हणाले. "आन् दावं ठिवून बांधू कुटं?"

मग भरल्या गाडीच्या जुवाला एका बाजूनं ते स्वतः लागले. आई मागून रेटू लागली. लोक अजून बघत होते, म्हणून मी पुढं झाले नाही.

आता आमचे मालक रेल्वेत आहेत, स्टेशनजवळ खोली आहे, माझ्या 'आमी'चं 'आम्ही' झालंय. लेक इस्त्रीचा शर्ट घालून ड्यूटीला निघाला, की शेजारीण कौतुकानं म्हणते, काय झोकात चाललाय! मला खाली बघावंसं वाटतं.

तुम्ही पांगलेले गाववाले धरणाच्या काठी उभं राहून पोरांना दाखवता, घर तिथं होतं म्हणून. मला पाण्यात काही दिसत नाही. घर म्हटलं की मला जुवाची दुसरी, मोकळी बाजू दिसते. तिथं मी हवी होते.