हाकेला ओ

मोहफुलं वेचताना माणूस वाकतो, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. मोहर्लीच्या जंगल सफारीत पर्यटकांना मी हे वर्षानुवर्षं ऐकवत आलोय. गाइडचा शर्ट अंगात असला की माझा आवाजही जरा जाड होतो. गाडीतली माणसं गप्प होतात आणि मला बरं वाटतं.

त्या सकाळी तो शर्ट नव्हता. उजाडल्यावर बायको, मी आणि आमच्या गल्लीतली सात-आठ माणसं मोहाला निघालो होतो. आमच्याकडे रीत आहे. वेचता वेचता मध्येमध्ये कुणीतरी हाक मारायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. ज्याची ओ आली नाही त्याला शोधायला सगळे हातातलं टाकून निघतात. बायकोनं गावाबाहेर पडतानाच सगळ्यांदेखत बजावलं, की लांब जाऊ नका आणि ओ देत जा. मला झोंबलं. वाघ काय असतो ते आता ही मला शिकवणार! मी मुद्दामच आणखी पुढच्या झाडाखाली जाऊन बसलो.

त्यात डोक्यात आदल्या दिवशीचा एक पर्यटक ठाण मांडून होता. वाघ दिसला नाही म्हणून त्यानं गेटवर चारचौघांत मला बिनकामाचा म्हटलं होतं. तेव्हा सुचलं नव्हतं ते उत्तर आता सुचत होतं. एक फूल टोपलीत, एक टोमणा त्याला. मागून हाक आली ती मी ऐकून न ऐकल्यासारखी केली. दुसरी आली ती तर मला ऐकूच आली नाही, नंतर बायकोनं सांगितली. वाघ दिसल्यावर ओरडतात तशी वानरंही ओरडत होती म्हणे. त्यांचं ओरडणं पर्यटकांना ओळखून दाखवण्याचेच तर मला पैसे मिळतात.

टोपली सरकवायला मागे वळलो, तर वीसेक पावलांवर वाळक्या गवतात दोन पांढरे ठिपके दिसले. वाघाच्या कानांमागे असतात ते. म्हणजे त्याची माझ्याकडे पाठ होती. तो पलीकडे बघत होता, आणि पलीकडून माझी बायको येत होती. मला शोधायला सगळ्यांच्या पुढे निघालेली. येता येता एका मोहाखाली तिला फुलांचा सडा दिसला असणार. ती वाकली.

मी इतका घाबरलो की माझे हातपाय माझे राहिले नाहीत. तो पर्यटक, गेट, शर्ट, सगळं कुठल्या कुठे गेलं. ते दोन ठिपके आणि तिची वाकलेली पाठ, एवढंच उरलं. ठिपके खाली गेले. तो दबा धरत होता. खोटं कशाला सांगू, गप्प राहिलो तर मी वाचतो हेही त्या क्षणात मनात येऊन गेलं.

‘उभी राय’ म्हणायचं होतं. तेवढे शब्द जमेनात. जे मघापासून द्यायचं राहिलं होतं तेच बाहेर आलं.

“ओऽऽ!”

ती ताडकन उभी राहिली. ठिपके वळले आणि त्यांच्या जागी डोळे आले. ते माझ्याकडे बघत होते. माझी पँट ओली झाली. तेवढ्यात तिच्या मागून सगळ्यांनी एकदम ओ दिली, कुणी डबा बडवला, आणि तो सावकाश बांबूत शिरला.

लोक आले तेव्हा बायकोनं माझ्या पँटीकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली सांडली म्हणून सांगायला लागली. एरवी मी ते आनंदानं खपवून घेतलं असतं.

“बाटली नाई सांडली,” मी म्हणालो. “मी भेलो.”

कुणीच हसलं नाही. बायकोनं विचारलं, “मंग आंधी ओ काऊन नाई देल्ली?”

मी टोपली उचलली आणि तिच्या मागं चालायला लागलो.

परतताना सगळे एका घोळक्यात चालत होतो. ती माझ्यापुढे दोन हातांवर होती, हात लांबवला असता तर पदराला लागला असता. तरी तिनं मागं न बघता हाक मारली.

मी ओ दिली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा मारली. गाव येईपर्यंत मी प्रत्येक हाकेला ओ देत राहिलो.