धुक्यात उतरताना: स्वालबार्डच्या जुन्या नकाशाचा किनारा

सिंगापुरात बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात मी दिवसभर नकाशांवरच काम करते. तिथे एकदा नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांच्या किनाऱ्याचा जुना नकाशा हाती आला, सर्व्हेवाल्यांनी डोंगर चढून, मोजून काढलेला. तेव्हाच ठरवलं, जायचं. २०१६च्या ऑगस्टमध्ये नवरा निखिल आणि मी निघालो. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी शेंगेन व्हिसा दोन प्रवेशांचा घ्यावा. ऑस्लोहून स्वालबार्डला गेलात की शेंगेनच्या बाहेर पडता, परतताना पुन्हा प्रवेश लागतो.

तिथल्या लाँगइअरब्येन गावाहून छोट्या जहाजाने उत्तरेकडे गेलो. शाकाहाऱ्यांना सूप, पाव आणि बटाटे मिळतात. आमचे थेपले फार उपयोगी पडले.

एका दुपारी आमची गाइड इन्ग्रिड आम्हा दोघांना रबरी बोटीने किनाऱ्यावर घेऊन गेली. अस्वलांच्या भीतीने तिच्या खांद्यावर बंदूक होती. तिथून आम्ही डोंगर चढलो. माथ्यावर सर्व्हेवाल्यांनी खुणेसाठी रचलेला दगडांचा ढीग अजून उभा आहे. त्याला हात लावला आणि बघता बघता धुकं उतरलं.

रेडिओवर जहाजावरून निरोप आला: आलात त्या किनाऱ्याला बर्फाचे तुकडे अडकलेत, पलीकडच्या खाडीत उतरा, बोट तिथे येईल. त्या बाजूने इन्ग्रिड कधी उतरलेली नव्हती आणि तिच्या नकाशात ती बाजू ढोबळच होती. मी पिशवीतून जुन्या नकाशाची प्रत काढली. त्यात त्या खाडीच्या जागी हिमनदी होती.

"बर्फ चुकलाय, मग उतार कशावरून बरोबर?" निखिलने विचारलं.

"बर्फ वितळला. डोंगर तोच आहे," मी म्हणाले, पण माझं मलाच पटलं नाही.

डावीकडे समोच्च रेषा दाटीने होत्या, म्हणजे कडा. उजवीकडे त्या विरळ होत्या. आम्ही उजवीकडून उतरलो आणि उतार खरंच सौम्य निघाला. मग रेषा संपल्या. खालचा भाग नकाशा काढला तेव्हा बर्फाखाली होता, तो कुणी मोजलेलाच नव्हता. मी इन्ग्रिडला तसं सांगितलं. ती पुढे झाली, काठीने एकेक दगड चाचपत. निखिलच्या पायाखालची खडी सरकली तेव्हा मी त्याचं जॅकेट घट्ट पकडलं. दोघंही बसलो, बसूनच घसरत राहिलो. किती वेळ, माहीत नाही. मग खालून बोटीच्या इंजिनाचा आवाज आला आणि मला रडू फुटलं.

आंग मो किओच्या घरी परतून आठवडा झाला असेल. खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, कॉफी पिताना निखिल मध्येच म्हणाला, "ते सर्व्हेवाले तिथे पहिल्यांदा चढले, तेव्हा त्यांच्याकडे तर नकाशाही नव्हता. धुकं आलं असेल तर काय केलं असेल?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या कामाबद्दल त्याने कुतूहलाने काही विचारायची ही पहिलीच वेळ. कॉफी निवेपर्यंत आम्ही त्यावरच बोलत बसलो.