बकाराम पाणकर आणि एक अंडं

नवेगाव बांधच्या अलीकडे, जंगलाला पाठ लावून बसलेल्या एका गावात बकाराम नावाचा पाणकर होता. पाणकर म्हणजे गावतलावाचं पाणी शेतांना पाळीपाळीनं वाटणारा माणूस. तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, पाणी सोडायचं दगडी तुडूम होतं, त्याला वरपासून खालपर्यंत पाच भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडी बूच. ते बूच काढायचा हक्क फक्त बकारामचा. पाणी आधी सगळ्यांत वरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पडायचं; ती भरली की धुऱ्यात, म्हणजे तिच्या कडेच्या बांधात, कापलेल्या वाटेनं खालच्या बांधीत, तिथून तिच्याखालच्या, असं करत सत्तावीस घरांच्या धानापर्यंत जायचं. मध्ये वेगळा पाट नव्हता. आणि वाडवडिलांपासूनची रीत अशी, की पाणकराची स्वतःची बांधी सगळ्यांत शेवटी; तिची वाट वरच्याच बांधीतून फुटत असली तरी ती सगळ्यांच्या मागून उघडायची. वाढणाऱ्यानं आधी पंगत उठू द्यावी, मग आपलं पान मांडावं, तशी.

बकाराम बोलायला कंजूस आणि हट्टाला उदार. त्याची बायको नंदाबाई म्हणायची, "या मानसाले देवानं कान देले, पन हा ते पाळीवरच इसरून आला." मूलबाळ नव्हतं. घरात दोन बैल, एक म्हातारी गाय, आणि भुऱ्या नावाचा कुत्रा. हा भुऱ्या पिल्लू असताना प्रतापगडच्या जत्रेतून बकारामच्या मागं मागं चालत आला होता. नंदाबाईनं दोन दिवस शिव्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी आपल्या ताटातली भाकर दिली. तेव्हापासून बकाराम तिथं भुऱ्या.

ही गोष्ट एकोणीसशे त्रेपन्न सालची. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, जाऊन दोन वर्षं झाली होती. तलाव सरकारचा झाला होता, पण बूच अजून बकारामच्याच हातात होतं. त्या साली रोवणी आटोपते न आटोपते तोच सगळ्यांत वरच्या बांधीत, म्हणजे शामकलाबाई या म्हाताऱ्या विधवेच्या बांधीत, सारसाच्या जोडीनं घरटं घातलं. ऐन पाण्यात गवताचा आणि धानाच्या काडाचा मोठा ढीग, त्यावर दोन अंडी. चार-सहा हात धान गेलं, पण शामकलाबाईनं हूं की चूं केलं नाही. उलट भेटेल त्याला सांगत सुटली, "माज्या घरी लेक बाळंतपनाले आली."

मग दोन दिवस पावसाची झड लागली. बांधी फुगली, पाणी घरट्याला भिडलं. बकारामचा जीव खालीवर होऊ लागला. कोवळं धान बुडायला लागलं की धुरा कापायचा, ही त्याची जन्माची अक्कल. त्यानं फावडा उचलला आणि धुरा चांगला खोल कापून दिला. सगळं पाणी निघून गेलं. घरटं उघड्या चिखलात कोरडं ठणठणीत बसलेलं बघून तो समाधानानं घरी आला आणि पोटभर जेवला.

सकाळी भुऱ्या त्या चिखलातून चालत घरट्यापाशी गेला. पाणी आटल्यामुळे पाखरं चरायला लांब गेली होती. ती ओरडत, पंख फडकवत परत येईपर्यंत भुऱ्यानं एक अंडं फोडून खाल्लं होतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

शामकलाबाई धुऱ्यावर उभी राहून ओरडत होती. "अरे बकाराम, पानी वाढलं का पाखरू घरटं वर उचलते. काड आनते, गवत आनते, रचते. त्याले पानी समजते. पानी हाच त्याचा कोट आहे रे! तू पानकर असून तुले काऊन नाई समजलं?"

बकाराम खाली मान घालून उभा राहिला. आयुष्यभर पाणी वाटलं, पण पाणी राखण करतं हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली. त्यानं तिथंच वाकून धुरा बुजवला. झडीच्या उरलेल्या सरींनी घोटाभर पाणी परत साचेपर्यंत तो तिथून हलला नाही.

गावानं भुऱ्याचा निकाल लावला. अंड्याची चव लागलेला कुत्रा सुधारत नाही, तो जंगलात सोडून यावा. म्हणजे बिबट्याच्या तोंडी द्यावा, एवढंच. बकारामला एरवी चार शब्द जड जायचे, पण त्या दिवशी तो सरळ बोलला. "धुरा मी कापला. कुत्र्याले रस्ता दिसला, तो गेला. सजा कुत्र्याले कायले?"

घरी येऊन त्यानं बैलाचं दावं घेतलं, एक टोक भुऱ्याच्या गळ्यात बांधलं आणि दुसरं आपल्या कमरेला. उरलेलं अंडं फुटून पिल्लू बाहेर येईपर्यंत हे दावं सुटणार नाही, असं त्यानं नंदाबाईला सांगितलं. बकाराम पाळीवर, भुऱ्या पाळीवर. बकाराम जेवायला, भुऱ्या उंबऱ्यात. पोरंसोरं हसायची, की कोणी कोणाला पाळलंय? भुऱ्याला वाटलं, मालकाला अचानक आपली माया आली. तो बिचारा खूश होता.

आता निसर्गानं खोड काढली. झड थांबली ती थांबलीच, पंधरा दिवस थेंब नाही. धानाचे शेंडे पिवळे पडू लागले. पंचांनी निरोप धाडला, तुडूम उघडा.

इथंच खरी गोम होती. पाची भोकं उघडली की शामकलाबाईची बांधी घटकाभरात फुगणार आणि अंडं वाहून जाणार. धुऱ्याची वाट खोल कापली तर मागच्यासारखा चिखल उघडा पडणार. पाखराला घरटं उचलायला वेळ मिळाला तरच अंडं वाचणार होतं. बकारामनं पंचांपुढे सांगितलं, की एकच भोक उघडीन, तेही दिवसाच. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लागतील.

मधल्या बांध्यांचा मालक केशोराव तापट माणूस. तो उसळलाच. "मालगुजार गेला, अन् आता पाखराची मालगुजारी आली का? आमचं धान जळून रायलं!"

"जळू देनार नाई," बकाराम म्हणाला. "ज्याच्या बांधीत पानी नाई पोचन, त्यानं माज्या दोनी बांध्यांचं धान कापून न्यावं."

नंदाबाईनं हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. तिला हिशेब समजत होता. पाणी हळू सोडलं की निम्मं वाटेतच मुरतं. सत्तावीस घरं कशीबशी भिजतील, आणि रीतीप्रमाणे शेवटी येणाऱ्या त्यांच्या दोन बांध्यांना ओला चिखलही मिळणार नाही. "मंग आपुन खाऊन काय? सारसाची पिसं?" ती रडली, भांडली, चूल न पेटवता बसली. बकाराम दावं कमरेला आवळून भुऱ्यासकट पाळीवर निघून गेला.

पहिल्या दिवशी एक बूच निघालं. बांधीत चार बोटं पाणी चढलं. धुऱ्यावर बसून बकाराम बघत होता. मादी अंड्यावर बसलेली, आणि नर लांब मान वाकवून गवत उपटत होता, तिच्या पुढ्यात आणून टाकत होता. ती बसल्या बसल्या चोचीनं ते पोटाखाली सारत होती. संध्याकाळी बूच लागलं तेव्हा घरटं पाण्याच्या वर होतं. दुसऱ्या दिवशी तसंच. बकारामला एवढा आनंद झाला, की त्यानं तो भुऱ्याला सांगितला.

तिसऱ्या दिवशी दुपारी धुऱ्यावर बसल्या बसल्या त्याला पाण्याचा आवाज बदललेला कळला. तो पाळीकडे धावला. केशोराव कमरेएवढ्या पाण्यात उभा, हातात दुसरं बूच. नंदाबाई तेवढ्यात भाकर घेऊन येत होती. बकारामनं कमरेचं दावं सोडलं, तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "घरट्यापाशी जा." इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं ते सोडलं होतं. ती भुऱ्याला घेऊन धावली.

बकाराम पाण्यात उतरला. त्यानं बूच मागितलं नाही, हिसकावलंही नाही. पाठमोरा होऊन त्यानं आपली पाठ त्या उघड्या भोकाला लावली आणि पाय दगडात रोवून बसला. पाणी गळ्यापर्यंत. "आता काढ," तो म्हणाला. "पयले मले काढ, मंग पानी काढ."

केशोरावनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पाळीवर माणसं जमली, पण बकाराम बसला तो बसलाच. शेवटी केशोरावनं बूच पाण्यात आपटलं आणि पाय आपटत निघून गेला. त्याचं काही मन वळलं नव्हतं, तो फक्त थकला होता. बकारामनं तरंगणारं बूच पकडून भोकात ठोकलं. पाठीचं सालटं निघालं होतं.

तिकडे धुऱ्यावर नंदाबाई भुऱ्याला मांडीखाली दाबून बसली होती. पाणी घरट्याच्या काठाला टेकलं होतं आणि दोन्ही पाखरं वेड्यासारखी काड ओढत होती. अंडं दोन बोटांनी वाचलं.

सत्तावीस घरांना पाणी पोचलं. केशोरावच्या बांधीलाही पोचलं. बकारामच्या दोन्ही बांध्या वाळल्या.

पोळ्याच्या चार दिवस आधी पिल्लू निघालं, आणि दुसऱ्या दिवशी पिवळसर, ओलसर, नुसत्या पायांचं ते पाण्यात उतरून आईमागे निघालं. शामकलाबाईनं अख्खं गाव गोळा केलं. नंदाबाई डोळे पुसत म्हणाली, "एवढुसा जीव, अन् आपल्या दोन बांध्या खाऊन गेला."

"त्याच्याच वाट्याचं पानी पेला," बकाराम म्हणाला. ते वर्ष त्यांनी मोहफुलं आणि तलावाच्या मासळीवर काढलं. सोपं गेलं नाही.

पुढच्या साली जोडी पुन्हा त्याच बांधीत आली. पाणी सोडायच्या दिवशी सगळे तुडुमापाशी जमले. कोणाची पाळी कितवी, हे पंचांनी बकारामला सांगायला लावलं.

"पयली पाळी सारसाची," बकाराम म्हणाला. "एक भोक. तीन दिवस."

सगळ्यांनी केशोरावकडे बघितलं. तो तंबाखू मळत होता. त्यानं ती दाढेखाली धरली, हात झटकले.

"बरं," तो म्हणाला. "मंग दुसरी पाळी या पानकराची लावा, अन् त्याच्या मागून आमची."