सांगूच नका

शनिवारचा शेवटचा तास माझा असे. मुली दमलेल्या, मीही दमलेली. कोण कोणाला शिकवणार! आठवडाभर टाउनशिपच्या दवाखान्यात राबायचं, गल्लोगल्ली फिरून बाळंतिणी पाहायच्या, आणि वर शनिवारी आठवी-नववीच्या पोट्ट्यांना ‘आरोग्य’ शिकवायचं. मी नर्स होते, मास्तरीण नव्हे. पण आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आया दवाखान्यात येत नाहीत, मुली शाळेत येतात. मुलींनाच सांगा.” त्यांना काय, सांगून मोकळ्या झाल्या.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा होत होता. जिकडे पाहावं तिकडे लाल धूळ. दोरीवरचं पांढरं पातळ संध्याकाळी विटकरी होऊन घरात यायचं. माझा नवरा रेल्वेत, दुर्गच्या यार्डात. आमच्या गल्लीत बरीचशी घरं आमच्यासारखीच, नागपूर-वर्ध्याकडची. पुरुष कारखान्यात कारकून. क्वार्टर दोन खोल्यांचं, मागे हातभर अंगण आणि नळ. एवढ्याशा जागेतही बायका महिन्याचे चार दिवस ‘बाहेर’ बसायच्या. बाहेर म्हणजे कुठे, तर मागच्या अंगणात, न्हाणीच्या भिंतीला टेकून, पोत्यावर. इथल्या मे महिन्यात! ते पाहिलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दोन वर्षं मी त्या पोत्यांशी भांडले. सासवांपुढे डोकं फोडण्यात अर्थ नाही हे लवकरच कळलं. मग मी सुनांना कानात सांगायला लागले, “सांगूच नका. कोण पाहायला येते? अंघोळ करा, कपडा बदला अन् सैपाकाले लागा. तुमचं तुमाले ठाऊक. सांगूच नका!” हे मात्र पटलं. एकेका अंगणातलं पोतं नाहीसं झालं. खोटं कशाला बोलू, मी फुशारून गेले होते. सुपेल्याच्या बाजारात कोणी ओळखीची भेटली आणि हळूच हसली, की मला बढती मिळाल्यासारखं वाटायचं.

त्या शनिवारी मी पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल बोलले. शाळेच्या मोठ्या बाईंनी आधीच बजावलं होतं, “शोभेल तेवढंच सांगा हं,” आणि बाहेरून दार ओढून घेतलं होतं. मी फळ्यावर पालथा तांब्या काढला. बाळ वाढतं ती ही पिशवी आणि हे खाली तिचं तोंड. इथलं दुखणं सुरुवातीला दुखत नाही, म्हणून फसवतं. पाळी नसताना रक्त जातं, पाळी बंद झालेल्या बाईला पुन्हा जातं, घाण वासाचं पाणी जातं. वेळेत दाखवलं तर बाई वाचू शकते. अंगावर काढलं तर हाताबाहेर जातं. घरी आईला सांगा, आणि मोठ्या झालात की स्वतःही विसरू नका. सगळं आधी हिंदीत सांगितलं, मग आपल्या मुलींसाठी मराठीत. तांब्या पाहून दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या. माझ्यात रागावण्याचंही त्राण नव्हतं.

तास सुटल्यावर एक मुलगी मागे राहिली. आमच्याच गल्लीतली, वर्ध्याकडच्या कारकुनाची थोरली. बारीक अंगाची, दोन घट्ट वेण्या. फळा पुसायला मदत केल्यासारखं करत म्हणाली, “बाई, आईचं मले समजन कसं?”

“विचार तिला.”

“ते नाही सांगत. आधी आई बाहेर बसे तं चार दिवस सैपाक मीच करत होती. मले तारीख पाठ होती. तुमीच बंद केलं. आता कसं समजन?”

माझं डोकं सणकलं. दोन वर्षांची मेहनत, आणि ही चिमुरडी मला असं विचारते! “मग काय पुन्हा पोत्यावर बसवू तुझ्या आईला? जा घरी. नसत्या चौकशा!” ती मान खाली घालून गेली. मी खुर्चीत बसून राहिले. पाय सुजले होते, घरी जाऊन भाकरी टाकायच्या होत्या, आणि ‘तू का विचारतेस?’ हा एवढासा प्रश्न मला सुचला नाही.

दोन महिन्यांनी ती सरळ दवाखान्यात आली, शाळेच्या कपड्यांतच. धापा टाकत होती. म्हणाली, “बाई, आईनं तिसरं लुगडं फाडलं.”

मला कळेना. मग तिनं सांगितलं. घरात फडक्यांसाठी वर्षाला एक जुनं लुगडं फाडायचं असा त्यांचा रिवाज. मी हाकलून दिल्यापासून ती लक्ष ठेवून राहिली होती. आई कपडे धुताना न्हाणीचं दार लावते, वाळत कुठे घालते ते दिसत नाही, पण ट्रंकेतली लुगडी कमी होत चालली, ते लपणार कुठे? “आता जुनं एकही नाही उरलं,” ती म्हणाली, “आजचं चांगलं होतं.”

मी तशीच उठले आणि तिच्या घरी गेले. तिची आई तांदूळ निवडत बसली होती. चेहरा कागदासारखा पांढरा. मी विचारलं तशी हसली. “वय झालं न बाई. जाताना असंच होते म्हणतात. थांबन आपोआप.”

“वैनी, किती दिवस झाले?”

“दिवाळीच्या आधीपासून.”

“अवो, मग बोलल्या कावून नाही? मी रोज तुमच्या दारावरून जातो न!”

तिनं माझ्याकडे पाहिलं. तक्रार नव्हती त्या नजरेत, उलट आपण नीट वागलो असाच भाव होता. “तुमीच तं म्हटलं होतं. सांगूच नका म्हणून.”

मी तिच्यापुढचे तांदूळ बाजूला सारले आणि तिला दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हात धुतले, पुन्हा धुतले, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “नागपूरला पाठवा. लगेच.” नागपुरात विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, दिला. दोनदा गेली, दोनदा आली. तिसऱ्यांदा न्यायच्या आधीच संपली. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, दोन महिने आधी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, “तेव्हाही उशीरच झाला असता.” माझ्यावर दया म्हणून म्हणाल्या की खरं म्हणून, मला आजवर ठरवता आलेलं नाही.

पुढच्या शनिवारपासून मी फळ्यावर पालथ्या तांब्याबरोबर ट्रंकही काढू लागले. म्हणायचे, आई बोलत नसेल तर फडकी पाहा, लुगडी पाहा. गल्लीतल्या दोन-चार बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. पोरींना हेरगिरी शिकवते म्हणाल्या. म्हणोत बापड्या. त्यातल्याच दोघी नंतर मागच्या दाराने तपासून घ्यायला आल्या.

त्या मुलीच्या घरी गावाकडून आत्या आली, संसार सांभाळायला. एकदा दुपारी कोहक्याहून एक बाळंतीण पाहून मी येत होते. ऊन मी म्हणत होतं. मागच्या बोळातून जाताना सहज नजर गेली, तर न्हाणीच्या भिंतीला टेकून पोत्यावर ती बसलेली. तेरा वर्षांची मुलगी, पुस्तक मांडीवर, ताट बाजूला.

सगळा थकवा कुठल्या कुठे पळाला. मी फाटक ढकललं आणि आत्याच्या नावानं ओरडणार, तेवढ्यात ती म्हणाली, “राहू द्या, बाई.”

“राहू द्या काय? कोणी बसवलं तुले इथं?”

“आत्यानं. पर मी नाही म्हटलं नाही.” तिनं पुस्तक मिटलं. “इथं बसली तं कोणाले तरी दिसते.”

आतून आत्या ओरडली, “शिवू नका वो बाई तिले!”

मी पिशवी खाली ठेवली आणि त्याच पोत्यावर, तिच्या खांद्याला खांदा लावून बसले.