तोंड नगं, पोट दावा

वीरभद्रअप्पा खुर्चीवर बसलेले मी कधी पाहिले नाहीत. नांदेड विमानतळावरची आमची मालाची खोली ती केवढी, पण हा माणूस दिवसभर काट्याभोवती घिरट्या घालायचा, खोकी हुंगायचा, कोपरे दाबायचा. प्रवासी विमानातून जाणारा माल तपासल्याशिवाय सोडायचा नाही, हा नियम. कुणी पाठवणाऱ्याचं मोठं नाव सांगू लागलं की म्हणायचे, "तोंड नगं, पोट दावा." त्यांच्याबरोबर काम करताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. अप्पा मूळचे उदगीरचे; तिथले व्यापारी गाववाला म्हणून लाडीगोडी लावत, उदगीर जिल्हा कधी होणार ते विचारत. "हुईल तवा हुईल," अप्पा म्हणायचे, "आदी खोक्याची दोरी सोडा."

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. तिथल्या सुशीलाबाई दुपारी धापा टाकत आल्या. नवऱ्याला तातडीनं मुंबईला हलवलेलं. लातूरच्या दवाखान्यात तपासणीसाठी गळ्यातलं इष्टलिंग काढलं, ते गडबडीत बाईंकडंच राहिलं. म्हातारा आता शुद्धीवर आला होता, पण लिंगपूजेशिवाय पाण्याचा घोट घेईना. डॉक्टर हवालदिल. विमानात जागा नव्हती, म्हणून बाईंनी चांदीच्या डबीतलं लिंग मालातून पाठवायला कापडात शिवून आणलेलं.

तपासणी यंत्राच्या पडद्यावर नुसता काळा गोळा दिसला. मग उघडून, हातात घेऊन पाहायचं, नाहीतर पुडकं इथंच ठेवायचं. बाई रडायलाच लागल्या. ज्याचं लिंग त्यानंच हाताळायचं, परक्याचा हात लागलेलं लिंग म्हातारा कसं चालवून घेईल? अप्पा स्वतः लिंगायत, त्यांच्याही गळ्यात लिंग. मला वाटलं, आता तरी न उघडता सही करतील. बाहेर विमानाकडं जाणारी गाडी भरत आली होती. मी चिडून म्हणालो, अहो, देवच आहे ना आत?

"देव हाय, हे मला ठावं. पडद्याला ठावं न्हाई," अप्पा म्हणाले, आणि येरझाऱ्या घालत त्यांनी बाईंकडून मुंबईचा फोन लावून घेतला.

"मालक, मीबी लिंगायतच हाव. हातात घेतल्याबिगर तुमचं लिंग इमानात सोडता येत न्हाई मला. वर मानसं बसत्यात. घिऊ का?"

अप्पांचा पाय एका जागी ठरेना. मग पलीकडून म्हाताऱ्याचा क्षीण आवाज आला, "घ्या. पन आदी हात धुवा."

अप्पांनी हात धुतले, कपाळाला भस्म लावलं. बाईंनी टाके उसवले. अप्पांनी डबी उघडली, लिंग तळहातावर घेऊन निरखलं, कापसानं पुसून तो कापूस स्फोटकं ओळखणाऱ्या यंत्राला दाखवला आणि डबी पुन्हा बाईंच्या हातानं शिवून घेतली. पुडकं शेवटच्या गाडीनं गेलं.

अप्पा मात्र घरी जाईनात. रात्री बाईंचा फोन आला. पूजा झाली होती, म्हातारा पाणी प्यायला होता.

अप्पांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं पाणी मागितलं. दुपारपासून त्यांनीही घोट घेतला नव्हता.