प्लायवूडपलीकडचा दहावीचा वर्ग

"परब, ह्या व्हिडिओत उघडं किती आहे?"

हा प्रश्न आमच्या हायस्कूलच्या चेअरमननी, पुंडलिकबाबांनी, मला भर स्टाफरूममध्ये विचारला. मी डिचोली तालुक्यातल्या ह्या शाळेचा लायब्ररियन. उघडा होता फक्त एक बेडूक, तोही सुरुवातीलाच. पण चेअरमन व्हिडिओ न बघताच पिकल्या रातांब्यासारखे लाल झाले होते.

भानगड दहावीच्या विज्ञानाची होती. त्यात माणसाच्या प्रजननाचा धडा आहे. तो शिकवायची आमच्याकडे एक परंपरा. टीचर खिडकीबाहेर बघत सांगणार, "हा घरी वाचा." घरी आईबाप सांगणार, "शाळेत विचार." बोर्डाच्या पेपरात त्या प्रश्नाखाली दरवर्षी इतकी कोरी जागा सुटायची की तिथं वायंगणी भात लावता आलं असतं.

त्या वर्षी शिल्पा टीचर नवीन आल्या. त्या सरळ माझ्याकडे आल्या.

"सर, आठवीतली एक मुलगी रक्त बघून बाथरूममध्ये रडत बसलेली. तिला वाटलं, आपल्याला कॅन्सर झाला. तिला कुणीच काही सांगितलेलं नाही. मला शिकवायचंय. पुस्तक इंग्रजीत, पोरं चौथीपर्यंत मराठीत शिकलेली. काहीतरी शोधून द्या."

लोकांना वाटतं, ऑनलाइन शोधायचं म्हणजे शब्द टाकला की काम झालं. मी शब्द टाकला आणि कॉम्प्युटरच बंद पडल्यासारखा झाला. आमच्याकडे फिल्टर बसवलेला, म्हणजे नको ते शब्द दिसले की पान अडवणारी गाळणी. ती इतकी सोवळी की कोंबडीच्या अंड्यावरचं पानही उघडू देईना. शेवटी घरी बसून शोधलं. पहिला व्हिडिओ लाजत लाजत फुलांवरच संपला. दुसऱ्यात एक बाबा ब्रह्मचर्याचं चूर्ण विकत होते. तिसरा बरा, पण बोलणारा इतका भरधाव की म्हापशाचा मिनीबसवाला त्याच्यापुढे संत वाटावा.

लायब्ररियन चार गोष्टी बघतो. बनवणारा कोण, बोलतो ते खरं का, कुठल्या वयासाठी, आणि फुकट दाखवायची परवानगी आहे का. ह्या चारही चाळण्यांतून एकच व्हिडिओ खाली उतरला. एका डॉक्टरीणबाईंचा, साध्या मराठीत, हाताने काढलेल्या चित्रांचा. मी तो पेन ड्राइव्हवर घेतला.

पण आमच्या शाळेत काहीही आधी कमिटी बघते, मग मुलं. गॅदरिंगचे नाचसुद्धा कमिटी आधी बघते, काही नाच तर पुन्हा पुन्हा. तेव्हा पुंडलिकबाबांनी फर्मान काढलं, "शनिवारी लायब्ररीत लाव. आम्ही पास करू, नाहीतर नाही."

आता आमची लायब्ररी आणि दहावीचा वर्ग म्हणजे मुळात एकच हॉल. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. पलीकडे कुणी पेन्सिल तासली तरी इकडे कळतं. त्यातून खजिनदार वासूबाब ठार बहिरे. म्हणून मी भजनी मंडळाचा स्पीकर मागून आणला आणि पार्टिशनला टेकवून ठेवला. दुसरी जागाच नव्हती. (होती.) शिल्पा टीचरचा पिरियड नेमका त्याच वेळी कसा आला, ते मला विचारू नका. टाइमटेबल मी फक्त दारावर चिकटवतो.

कमिटी आली. पाव-पातळभाजी झाली, मिरचीभजी झाली. कमिटीतल्या बायकांना बाहेर पाठवलं. व्हिडिओ सुरू झाला.

"कितें सांगता गो ती? मोठ्यान कर रे!" वासूबाब ओरडले.

मी आवाज असा वाढवला की मयेच्या तळ्यावरची बदकं उडाली असणार. पार्टिशनपलीकडे एकदम सामसूम झाली. मग खडूचा टकटक आवाज यायला लागला. इकडे डॉक्टरीणबाई बोलत होत्या, तिकडे शिल्पा टीचर फळ्यावर आकृती काढत होत्या.

"परब, तें बीजांडाचं परत लाव," सेक्रेटरी म्हणाले. चार पोरांचा बाप!

परत लावलं. पलीकडे उजळणी झाली.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या पेशीवर ठरतं. आईचा त्यात काही दोष नाही.

वासूबाबांनी मान वळवली आणि बहिऱ्या माणसाच्या आवाजात विचारलं, "पुंडलिका, मग तू सुनेला कित्याक बोलतोस रे? तिचा काय दोष?"

पुंडलिकबाबांच्या सुनेला तीन मुली. प्रत्येक बारशाला त्यांनी तोंड पाडलेलं सगळ्या गावानं पाहिलेलं. भजी त्यांच्या हातातच राहिली. पार्टिशनपलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. चेअरमनना ते ऐकूच आलं नाही.

"परत लाव," ते हळूच म्हणाले.

शेवटी ठराव झाला. व्हिडिओ अत्यंत उपयुक्त, परंतु विद्यार्थ्यांना दाखवण्यास अयोग्य. पेन ड्राइव्ह चेअरमनच्या ताब्यात द्यावा. मी खाली मान घालून तो दिला. तोंडावर इतकं दुःख आणलं की गावच्या नाटकात मला राजा हरिश्चंद्र द्यायला हवा होता.

बोर्डाच्या पेपरात तो प्रश्न आला. आमच्या एकाही पोरानं जागा कोरी सोडली नाही. बक्षीस समारंभात पुंडलिकबाब म्हणाले, "हा आमच्या संस्कारांचा विजय आहे." मी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

पेन ड्राइव्ह काही परत आला नाही. तो आता त्यांच्या सुनेकडे असतो, असं ऐकतो.

नवीन लायब्ररियन मला विचारतात, ऑनलाइन साधन निवडताना काय बघायचं? मी त्या चार गोष्टी सांगतो. पण त्याआधी भिंत कशाची आहे ते बघा, म्हणतो.