नॉर्वेच्या डोंगरावर विहीणबाई

आमच्या विहीणबाई जगाच्या पाठीवर कुठेही हरवणार नाहीत, कारण आपण हरवलो हे त्या कधी कबूलच करणार नाहीत. एकदा माझ्याकडे येताना पंचवटीतल्या गल्ल्यांत चुकल्या. चार घरांत पाणी पिऊन, पाचव्या घरी लोणच्याच्या कैऱ्या फोडून देऊन दोन तासांनी पोचल्या, आणि तुमचं घर लय आडबाजूला हाय म्हणून मलाच बोलल्या. सगळा जन्म सिन्नरजवळच्या एका गावात गेला, पण वागणं असं, की सगळा मुलूख यांच्या माहेरचा. माझी लेक त्यांच्या घरी देऊन अकरा वर्षं झाली. त्या अकरा वर्षांत त्या गप्प बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

लेक आणि जावई नॉर्वेत नोकरीला आहेत. त्यांनी आम्हा दोघींना महिनाभर बोलावून घेतलं. तिथे विहीणबाई सगळ्यांशी मराठीतच बोलायच्या. सावकाश आणि नीट बोललं की समोरच्याला कळतं, असं त्यांचं म्हणणं. वाईट याचं वाटतं, की कळायचं. बस चालवणाऱ्या बाईला त्यांनी हाताने दाखवून अशी काही समज दिली, की तिने आम्हाला थांब्यावर न सोडता घरासमोर सोडलं.

आता मुख्य गोष्ट सांगते. विहीणबाईंनी गावच्या घरावर मुलासाठी वरचा मजला बांधला आहे. आठ वर्षं त्याला कुलूप. दर शनिवारी कुलूप काढायचं, झाडायचं, पुन्हा लावायचं. मुलगा परत येणार आणि तिथे राहणार, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि एके दिवशी भांडी पुसताना लेकीने मला हळूच सांगितलं, की आम्ही दोघांनी नॉर्वेतच घर घेतलंय, सह्याही झाल्या. जावयांची आईला सांगायची हिंमत होत नव्हती. लेक म्हणाली, "आई, तू तोंडावर बोलतेस. उद्या डोंगरावर जाल तेव्हा तूच सांगून टाक." मी हो म्हटलं. मला वाटलं, सांगण्यात काय आहे.

दुसऱ्या दिवशी लेक कामावर गेली, नातू शाळेत गेला, आणि जावई नि आम्ही दोघी डोंगरावर निघालो. विहीणबाई लुगड्यावर मुलाचं जाकीट, डोक्याला कानटोपी, पायात नातवाचे बूट घालून सगळ्यांच्या पुढे. पिशवीत भाकरी, ठेचा आणि हळदकुंकवाची डबी. डोंगर बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. ब्रह्मगिरीपुढं हे काहीच नाय म्हणाल्या. त्या देशातली माणसं शहरात शेजाऱ्यालाही ओळख देत नाहीत, पण डोंगरावर दिसेल त्याला हसून नमस्कार करतात. विहीणबाईंना ते फार आवडलं. दर माणसाला त्या राम राम घालायच्या आणि मग थांबून घरी कोण कोण असतं ते विचारायच्या. एक म्हातारी बाई बादली घेऊन झुडपांतली निळी फळं वेचत होती. विहीणबाईंनी बादलीत हात घालून मूठभर खाल्ली, करवंदापेक्षा कमीच म्हणाल्या, आणि तिला भाकरीवर ठेचा दिला. बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. तरी तिने दुसरा तुकडा मागून घेतला. पुढे मेंढ्या दिसल्या, गळ्यात घंटा, पण राखायला कोणी नाही. विहीणबाई तिथे अर्धा तास थांबल्या, कारण कोणी तरी थांबायला पाहिजे होतं.

वाटेवर थोड्या थोड्या अंतराने दगड रचून ठेवले होते आणि त्यांना लाल रंग फासलेला होता. पहिला ढीग दिसताच विहीणबाईंनी चपळाईने बूट काढले. "बघा, हितंबी शेंदूर लावत्यात," म्हणाल्या, आणि कुंकू वाहून पाया पडल्या. नंतर प्रत्येक ढिगापाशी हेच. जावई पुढे जाऊन खाली मान घालून उभे राहायचे. मी सांगायला तोंड उघडलं की विहीणबाईंचा नवा देव यायचा.

आमच्याकडे देवीच्या गडावर गेलं की लोक आपलं घर व्हावं म्हणून दगडावर दगड रचतात. जितके दगड, तितके मजले. विहीणबाई नेहमी दोन रचतात, खालचा आपला आणि वरचा मुलाचा. इथे भाकरी खायला आम्ही वाटेपासून जरा बाजूला सपाटीवर बसलो, तर त्यांनी कमरेइतका ढीग उभा केला आणि वर कुंकू लावलं. दगड चांगले होते, म्हणाल्या. मग आम्ही माथ्यावर जाऊन आलो. परत येईपर्यंत धुकं असं उतरलं होतं, की माझी काठी मला दिसेना.

त्या सपाटीपाशी एक म्हातारा गृहस्थ कुत्रा घेऊन ढिगाजवळ उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल. धुक्यात विहीणबाईंचा ढीग बघून तो वाट समजून तिकडे वळला होता आणि पलीकडच्या दलदलीत शिरला होता. त्याने जावयांना विचारलं, हे कोणी रचलं? विहीणबाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं, मी. म्हाताऱ्याने आरडाओरडा केला नाही. दगडावर बसून तो शांतपणे बोलला आणि जावयांनी आम्हाला सांगितलं. लाल रंग देवाचा नाही, वाटेचा आहे. धुक्यात माणूस एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर जातो. चुकीच्या जागी ढीग असला तर माणूस मरतो. मग म्हाताऱ्याने विचारलं, बाईंनी हे कशासाठी रचलं?

"सांग त्याला," विहीणबाई म्हणाल्या. "माझा पोरगा परत यावा, वरच्या मजल्यावर राहावा, म्हणून रचलं."

म्हातारा वाट बघत होता. जावयांनी माझ्याकडे पाहिलं. लेकीला मी शब्द दिला होता, पण त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की हे माझं काम नव्हे.

"मी सांगणार नाही," मी म्हटलं. "आई तुमची आहे."

तेव्हा त्यांनी खाली बघत सांगितलं, "आई, आम्ही घर घेतलंय. इथं."

विहीणबाई गप्प बसल्या. कुत्राही जमिनीवर बसला. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "सैपाकघराला खिडकी हाय का?"

"आहे. समोर डोंगर दिसतो."

"मग बरं," म्हणाल्या, आणि उठून ढिगावरचा वरचा दगड उचलला. म्हातारा मदतीला आला, त्याचा हात त्यांनी बाजूला केला. जावई आले, त्यांचाही. एकेक दगड पोटाशी धरून त्यांनी वाटेवरच्या लाल ढिगापाशी नेला. मी एक उचलला, तो मात्र त्यांनी नेऊ दिला. वीसेक खेपा झाल्या. शेवटचा दगड त्यांनी लाल ढिगाच्या वर नीट बसवला आणि पदराने पुसला. म्हाताऱ्याने टोपी काढली. का काढली, ते मला कळलं नाही. विहीणबाईंना कळलं असावं, कारण उरलेला सगळा ठेचा त्यांनी त्याला देऊन टाकला.

गावी आल्यावर त्यांनी वरचा मजला भाड्याने दिला. सिन्नरच्या कारखान्यात कामाला असलेलं जोडपं आहे, त्यांची लहान मुलगी आहे. परवा मी गेले तेव्हा विहीणबाई मला नॉर्वेचे लोक कसे आपल्यासारखेच आहेत ते सांगत होत्या. तेवढ्यात वर ती पोरगी धावली. विहीणबाई बोलायच्या थांबल्या आणि वर बघत राहिल्या. आवाज होतो, त्रास होत असेल, असं मी म्हटलं.

"नाय हो," त्या म्हणाल्या. "पळू द्या."